मुक्तस्रोत आभासीकरण: तीन सर्व्हर, एक जुने सॅन आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले बदल

प्रश्न | तीन_नोड

नमस्कार. आमच्याकडे तीन सर्व्हरचा एक क्लस्टर (एकत्र काम करणारा गट; त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड) असून त्यावर ईएसएक्सआय ७ हे व्हीएमवेअरचे आभासीकरणाचे सॉफ्टवेअर चालते. साधारण साठ व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रे, आहेत. निम्म्या विंडोज सर्व्हरच्या आणि उरलेल्या लिनक्सच्या. सगळ्यांच्या डिस्क फायबर चॅनेलने जोडलेल्या एका सामायिक सॅनवर, म्हणजे सर्व सर्व्हरच्या समाईक साठवण यंत्रणेवर, आहेत आणि ते सॅन अजून काही वर्षे वापरायचेच आहे, हे ठरलेले आहे. म्हणजे सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर बदलण्यास वाव आहे, साठवण बदलण्यास नाही.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली आणि सर्व काही वर्गणीवर नेले. त्यातच व्हीस्फिअर ७ चा, म्हणजे ईएसएक्सआय ज्यात येते त्या संचाचा, सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे एक तर आवृत्ती ८ ची वर्गणी घ्यायची, नाही तर मुक्तस्रोत पर्यायाकडे वळायचे, असा निर्णय आता पुढे ढकलता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी प्रॉक्समॉक्स या मुक्तस्रोत आभासीकरण मंचाची चाचणी घेतली होती आणि तीन कारणांनी ती तिथेच थांबवली होती. सामायिक सॅनवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची यंत्रणा) वापरल्यास स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी व्हीएमची त्या क्षणाची टिपलेली स्थिती, घेता येत नव्हते. ईएसएक्सआयवरील व्हीएम आणायच्या तर डिस्क हाताने निर्यात करून, रूपांतरित करून बसवाव्या लागत होत्या. आणि आमचे बॅकअप सॉफ्टवेअर या मंचाला ओळखतच नव्हते. या तीनही बाबतींत खरोखर काही बदलले आहे का? नव्या सुविधांच्या याद्या मी वाचल्या आहेत. त्यांतल्या कशावर रोजचे काम सोपवता येईल, हे वापरणाऱ्यांकडून ऐकायचे आहे.

उत्तर | जुनाजाणता

आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, कारण चर्चा बहुधा तिथेच भरकटते. मूळ हायपरवायजर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर, कोणता चांगला, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. प्रॉक्समॉक्स ज्यावर उभे आहे ते केव्हीएम २००७ साली लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आले आणि तेव्हापासून कर्नलचाच भाग म्हणून वाढत गेले. मोठमोठ्या क्लाउड सेवा त्याच्यावर चालतात. व्हीएमला आभासी हार्डवेअर पुरवणारे त्याचे जोडीदार क्यूईएमयू त्याहून जुने, २००३ चे. यांच्यावर साठ व्हीएमचा भार नीट चालेल का, ही शंका घेण्याचे दिवस गेले. आपण तेव्हा थांबलात ती तीनही कारणे हायपरवायजरची नव्हती, त्याच्या भोवतालची होती, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बदल झाला आहे तो नेमका या भोवतालात.

आयातीचा प्रश्न सुटला आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. प्रॉक्समॉक्सने मार्च २०२४ मध्ये ईएसएक्सआयवरून थेट आयात करणारी सोय जाहीर केली. ईएसएक्सआयचा पत्ता आणि परवलीचा शब्द देऊन तो सर्व्हर एखाद्या साठवणीसारखा जोडायचा, त्यावरील व्हीएमची यादी समोर येते, आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे रूपांतर बऱ्याच अंशी आपोआप होते. मॅक पत्ता तोच राखता येतो, त्यामुळे डीएचसीपीवरच्या नोंदी बदलाव्या लागत नाहीत. मूळ व्हीएमवर स्नॅपशॉट शिल्लक असतील तर आयात मंदावते, म्हणून ते आधी काढून टाकावेत.

बॅकअपबाबत दोन गोष्टी झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये वीम या बॅकअप सॉफ्टवेअरच्या १२.२ आवृत्तीत प्रॉक्समॉक्सचा समावेश झाला, आणि इतर उत्पादकांनीही तीच वाट धरली. आपले सॉफ्टवेअर कोणते आहे ते आपण लिहिले नाही, पण पुन्हा तपासून पाहावे. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर २०२० पासून आहे आणि तो बदललेलेच तुकडे पाठवतो. मात्र बॅकअप चालू असताना व्हीएमने एखाद्या जागी नवे लिहायला घेतले, की तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे रवाना व्हावा लागे आणि तोवर ते लेखन अडून राही. बॅकअपची जागा संथ असली तर व्हीएमही संथ होई. रात्री डेटाबेसच्या तक्रारी येत त्या यामुळेच. प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ८.२ पासून हा जुना मजकूर तात्पुरता स्थानिक वेगवान डिस्कवर ठेवण्याची सोय झाली. ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि अनेक जण ती न करताच बॅकअप संथ असल्याची तक्रार करत राहतात.

एका उणिवेचाही उल्लेख करतो. व्हीएमवेअरचे डीआरएस जसे चालू व्हीएम सतत हलवून भार सारखा ठेवते, तसे मी वापरत असलेल्या प्रॉक्समॉक्स ९.१ मध्ये नाही. दोन व्हीएम एकत्र ठेवाव्यात की वेगवेगळ्या नोडवर, याचे नियम ९.० पासून देता येतात. तीन सर्व्हरसाठी तेवढे पुरते, असा माझा अनुभव आहे.

तिसरा मुद्दा, म्हणजे सॅनवरचे स्नॅपशॉट, मी जाणकारांसाठी सोडतो. घोडे पेंड खाते ते तिथेच.

उत्तर | साठवणकार

सॅनचा मुद्दा मी घेतो, कारण गेले वर्षभर माझा बराचसा वेळ त्यातच गेला आहे.

अडचण मुळात कुठे आहे ते आधी पाहू. व्हीएमवेअरकडे व्हीएमएफएस ही अशी फाइल प्रणाली आहे, जी अनेक सर्व्हर एकाच लनवर (सॅनने डिस्क म्हणून दिलेल्या तुकड्यावर) एकाच वेळी उघडू शकतात. प्रत्येक डिस्क ही तिच्यावरची एक फाइल असते आणि स्नॅपशॉट म्हणजे शेजारची दुसरी फाइल. लिनक्सच्या जगात याच्या तोडीची, सर्वांना मान्य असलेली आणि सांभाळायला सोपी अशी सामायिक फाइल प्रणाली रूढ झाली नाही. त्यामुळे प्रॉक्समॉक्समध्ये फायबर चॅनेल किंवा आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून जोडलेल्या) लनवर साधे एलव्हीएम टाकतात आणि प्रत्येक डिस्कला एक स्वतंत्र लॉजिकल व्हॉल्यूम देतात. एका वेळी एकाच नोडने रचना बदलावी, याची काळजी प्रॉक्समॉक्सचे क्लस्टर कुलूप घेते. ही मांडणी वेगवान आणि भरवशाची आहे, परंतु कच्च्या व्हॉल्यूमला स्नॅपशॉट ठाऊक नसतो, आणि एलव्हीएमचा पातळ तरतुदीचा (लागेल तेवढीच जागा घेणारा) प्रकार अनेक नोडवर एकाच वेळी वापरता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ वर आधारलेली ९.० आवृत्ती आली. तिने यावर जो उपाय काढला, त्याला व्हॉल्यूमची साखळी म्हणता येईल. लॉजिकल व्हॉल्यूमच्या आतच क्यूकाऊ२ या क्यूईएमयूच्या डिस्क स्वरूपात डिस्क ठेवली जाते. स्नॅपशॉट घेतला की सध्याचे व्हॉल्यूम गोठवून बाजूला ठेवतात, त्याच्यावर एक नवे रिकामे व्हॉल्यूम तयार होते, आणि नव्या व्हॉल्यूमच्या शीर्षभागात ‘माझ्या खाली अमुक आहे’ अशी नोंद असते. वाचताना मजकूर वरच्या व्हॉल्यूममध्ये सापडला नाही तर खालच्यात पाहिले जाते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नवे व्हॉल्यूम रिकामे असले, तरी एलव्हीएमच्या दृष्टीने ते पूर्ण आकाराचे असते. एक टेराबाइटच्या डिस्कचे तीन स्नॅपशॉट ठेवले, तर सॅनवर चार टेराबाइट अडकतात, मग प्रत्यक्षात बदललेला मजकूर दहा गिगाबाइट का असेना. आपल्या सॅनमध्येच पातळ तरतुदीची सोय असेल, तर खरी जागा तेवढी जात नाही. पण व्हॉल्यूम ग्रूपच्या हिशेबात ती गेलेलीच दिसते. व्हीएमवेअरच्या सवयीने महिनोन्महिने स्नॅपशॉट साठवणाऱ्यांना हे फार जड जाईल.

शिवाय ९.० मध्ये ही सुविधा तंत्रपूर्वावलोकन, म्हणजे अजून चाचणीच्या टप्प्यातली, म्हणून दिली गेली, आणि तो शिक्का मी गांभीर्याने घेतो. ज्या व्हीएमना टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप, इथे आभासी) जोडलेला होता, त्यांचे स्नॅपशॉट तेव्हा अशा साठवणीवर घेता येत नव्हते. ९.१ मध्ये व्हीएम बंद ठेवून ते घेता येऊ लागले. माझी पद्धत अशी: बॅकअप ही खरी सुरक्षितता, आणि स्नॅपशॉट फक्त अद्ययावतीकरणापूर्वी घेऊन एक-दोन दिवसांत काढून टाकायचा.

काही जण लनवर ओसीएफएस२ सारखी सामायिक फाइल प्रणाली बसवून हा प्रश्न टाळतात. ते चालते, परंतु प्रॉक्समॉक्स त्याला अधिकृत आधार देत नाही, आणि मध्यरात्री क्लस्टर अडकल्यावर आपण एकटेच असाल.

उत्तर | डोमशून्य

वरील विवेचन अचूक आहे, पण त्यातून असा समज होऊ शकतो की ब्लॉक साठवणीवरचे साखळी-स्नॅपशॉट ही २०२५ ची नवलाई आहे. झेन या दुसऱ्या मुक्त हायपरवायजरच्या बाजूला हीच कल्पना कितीतरी वर्षे वापरात आहे. एक्ससीपी-एनजी, म्हणजे झेनवरचे प्रॉक्समॉक्ससारखे सॉफ्टवेअर, लनवर एलव्हीएम टाकते, प्रत्येक व्हॉल्यूममध्ये व्हीएचडी स्वरूपाची डिस्क ठेवते आणि स्नॅपशॉटची साखळी करते. खालचे गोठलेले व्हॉल्यूम त्यातल्या मजकुराइतके आकसवले जाते, त्यामुळे जागेचा हिशेबही थोडा सुसह्य होतो. ज्यांना सॅन सोडता येत नाही, त्यांनी हा पर्याय पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असे मला वाटते.

एक्ससीपी-एनजीचा जन्म २०१८ मध्ये झेनसर्व्हरच्या मुक्त शाखेतून झाला. ग्रनोब्लची वात ही कंपनी तो प्रकल्प चालवते आणि तो लिनक्स फाउंडेशनखालील झेन प्रकल्पाचा भाग आहे. ८.३ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि जून २०२५ मध्ये तिला दीर्घकालीन आधाराचा दर्जा मिळाला. झेन ऑर्केस्ट्रा या त्याच्या व्यवस्थापन साधनातून व्हीएमवेअरच्या व्हीएम थेट आणता येतात.

आता उणे बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा प्रचार होईल. व्हीएचडी स्वरूपामुळे एका डिस्कची मर्यादा जवळपास दोन टेराबाइट आहे. क्यूकाऊ२ आणून ती ओलांडण्याचे काम त्यांनी हाती घेतले, पण मोठ्या डिस्क असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. व्यवस्थापन करणाऱ्या डोम-० या खास व्हीएममधील लिनक्स कर्नल ४.१९ आहे, म्हणजे अगदी नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर मिळतीलच असे नाही. आणि साखळीतली जुनी व्हॉल्यूम परत एकत्र करण्याचे काम मागे चालू असते. ते मागे पडत गेले, तर साखळी लांबत जाते आणि वेग घसरतो. ही शेवटची तक्रार साखळी वापरणाऱ्या कोणत्याही मंचाला लागू आहे. साठवणकार यांना त्याचा अनुभव अजून आला नसेल, तर येईल.

उत्तर | साठवणकार

आला आहे. जागेचा हिशेब आपल्याकडे सुसह्य आहे, हे मान्य. तरीही दोन टेराबाइटच्या मर्यादेमुळेच मला एक्ससीपी-एनजी बाजूला ठेवावे लागले. आमच्या दोन फाइल सर्व्हरच्या डिस्क त्याहून मोठ्या होत्या आणि त्यांचे तुकडे करणे शक्य नव्हते.

उत्तर | कर्नलवाचक

थोडे विषयाच्या कडेने. मुक्तस्रोत आभासीकरणातील ताज्या घडामोडी म्हटल्या की माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच यादी येते. यजमान सर्व्हरलाही व्हीएमची मेमरी वाचता येऊ नये, यासाठी एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीचा यजमान बाजूचा आधार लिनक्स ६.११ मध्ये २०२४ साली मुख्य कर्नलमध्ये आला, आणि इंटेलच्या टीडीएक्सचा ६.१६ मध्ये २०२५ साली. त्यांचा पाया असलेली अतिथी मेमरीची नवी यंत्रणा ६.८ मध्ये आधीच घातली गेली होती. दुसरीकडे कुबेवर्टने जुलै २०२३ मध्ये १.० गाठले, म्हणजे कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर कंटेनरच्या शेजारी व्हीएम चालवणे आता प्रयोगापुरते राहिले नाही. कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी हे कंटेनर व व्हीएम चालवणारे साधन स्वतःकडे घेतल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये इन्कस ही शाखा निघाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिची ६.० ही दीर्घकालीन आवृत्तीही आली. प्रश्नकर्त्याच्या तीन सर्व्हरना आज यांपैकी कशाचीच गरज नाही, हे मलाही दिसते. कुबरनेटीस आधीपासून नसेल, तर केवळ व्हीएमसाठी ते आणू नये.

प्रश्नकर्ता | तीन_नोड

सर्वांचे आभार. आमच्याही तीन व्हीएमच्या डिस्क दोन टेराबाइटहून मोठ्या आहेत, त्यामुळे कल प्रॉक्समॉक्सकडे झुकतो आहे. दोन शंका उरतात. नवे सर्व्हर मिळणार नाहीत. एकेक सर्व्हर रिकामा करून त्यावरच प्रॉक्समॉक्स बसवायचे आहे. या अधल्यामधल्या काळात क्लस्टर कसा वागतो? आणि विंडोजच्या व्हीएम आयातीनंतर सुरू होतात का? निळ्या पडद्याच्या तक्रारी मी पुष्कळ वाचल्या आहेत.

उत्तर | जुनाजाणता

विंडोजपासून सुरुवात करतो, कारण तो निळा पडदा मी स्वतः पाहिलेला आहे आणि चूक माझीच होती. आयात करताना मी घाईत डिस्कचा प्रकार थेट व्हर्टआयओ स्कझी (केव्हीएमचा वेगवान आभासी डिस्क-नियंत्रक) निवडला. विंडोजकडे त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे स्वतःची सी डिस्कच त्याला सापडेना. योग्य क्रम असा आहे: पहिल्यांदा डिस्क साटा म्हणून जोडून विंडोज सुरू करावे; व्हर्टआयओची आयएसओ लावून ड्रायव्हर बसवावेत; एक गिगाबाइटची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडावी, म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर सुरुवातीलाच भरू लागते; नंतर व्हीएम बंद करून मूळ डिस्क त्याच नियंत्रकावर हलवावी, बूटच्या क्रमात तिची खूण करावी आणि ती रिकामी डिस्क काढून टाकावी. दर व्हीएमला काही मिनिटे जातात, पण पुढे वेगात मोठा फरक पडतो. साटावरच कायम राहू नये. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कूटलेखन) असेल, तर पुनर्प्राप्तीची किल्ली आधी लिहून घ्यावी, कारण आभासी टीपीएममधला मजकूर आयातीत येत नाही.

लिनक्सही अगदी बिनघोर नाही. ईएसएक्सआयवर ‘ईएनएस १९२’ या नावाने दिसणारे नेटवर्क कार्ड इकडे ‘ईएनएस १८’ होते, आणि जुन्या नावाने लिहिलेली संरचना शांतपणे निकामी ठरते. व्हीएम सुरू झालेली दिसते, पण तिच्याशी संपर्क होत नाही. रेड हॅट कुळातल्या व्हीएमवर निघण्यापूर्वी व्हर्टआयओचे ड्रायव्हर घालून इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरचा संच) नव्याने बांधावे. प्रोसेसरचा प्रकारही पाहून घ्यावा: आवृत्ती ८ पासून नव्या व्हीएमसाठी ठरावीक प्रकार ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ असा आहे, आरएचईएल (रेड हॅटची लिनक्स) ९ ला तो पुरतो, पण आरएचईएल १० किमान व्ही३ मागते.

थेट आयातीची, म्हणजे डिस्क येत असतानाच व्हीएम सुरू करण्याची सोय मोहक आहे. पण मध्येच नेटवर्क तुटले, तर सुरू झाल्यापासून लिहिलेला सगळा मजकूर जातो. डेटाबेससाठी ती वापरू नये.

आता क्लस्टर. पहिल्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स बसवून तिथेच क्लस्टर तयार करावा आणि व्हीएम त्यानंतर आणाव्यात. जो नोड नंतर सामील होतो, त्याच्यावर एकही व्हीएम असता कामा नये, हे विसरू नये. खरी नाजूक अवस्था दोन नोड असतानाची. प्रत्येक नोडला एक मत असते आणि बहुमतासाठी तेव्हा दोन्ही मते लागतात; एक नोड पुन्हा सुरू करायला घेतला, की दुसऱ्याचे बहुमत जाते. चालू असलेल्या व्हीएम चालूच राहतात, पण नवी सुरू करता येत नाही आणि संरचना बदलता येत नाही. त्यातच उच्च उपलब्धता (नोड पडल्यास त्याच्या व्हीएम दुसरीकडे सुरू करण्याची सोय) चालू केलेली असेल, तर बहुमत गमावलेला नोड वॉचडॉग या पहारा ठेवणाऱ्या घड्याळामार्फत स्वतःच रीसेट होतो आणि निरोगी व्हीएम सोबत घेऊन जातो. म्हणून तिसरा नोड येईपर्यंत उच्च उपलब्धता बंद ठेवावी, किंवा एखाद्या लहानशा डेबियन यंत्रावर क्यूडिव्हाइस बसवून तिसरे मत मिळवावे.

उत्तर | साठवणकार

एक भर. प्रॉक्समॉक्ससाठी सॅनवर नवा लन काढा आणि झोनिंग व मास्किंग अशी करा की तो ईएसएक्सआयला दिसणार नाही, आणि व्हीएमएफएसचे लन प्रॉक्समॉक्सला दिसणार नाहीत. एलव्हीएमचे कुलूप फक्त क्लस्टरमधल्या नोडपुरते असते. बाहेरच्या यंत्राने त्याच लनवर काही लिहिले, तर त्याला अडवणारे कोणी नाही. मल्टिपाथही (एका लनकडे जाणाऱ्या अनेक वाटा एकच म्हणून दाखवणारी सोय) आधी बसवा, नंतर एलव्हीएम. उलटे केल्यास एकच लन दोन-चार नावांनी दिसतो आणि एलव्हीएम त्यातले कोणते धरेल याचा नेम राहत नाही.

प्रश्नकर्ता | तीन_नोड

पहिला सर्व्हर रिकामा करून चाचणी घेतली, म्हणून येथे नोंद करतो. दोनशे गिगाबाइटची एक विंडोज व्हीएम वर सांगितलेल्या क्रमाने आणली. पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. साखळीची सुविधा चालू करून तिचे दोन स्नॅपशॉट घेतले, तेव्हा व्हॉल्यूम ग्रूपमध्ये सहाशे गिगाबाइटच्या किंचित वर जागा गेलेली दिसली. आतला बदल जेमतेम तीन गिगाबाइटचा होता. साठवणकार यांचा हिशेब अगदी तंतोतंत निघाला. आम्ही आता व्हीएमची दोन गटांत विभागणी केली आहे: ज्यांना अद्ययावतीकरणापूर्वी स्नॅपशॉट लागतो अशा अठरा व्हीएम साखळीच्या लनवर, आणि उरलेल्या साध्या एलव्हीएमवर केवळ बॅकअपच्या भरवशावर. क्यूडिव्हाइससाठी एक जुना डेस्कटॉप सापडला आहे. दुसरा सर्व्हर येत्या शनिवारी रिकामा करू. मोठ्या डिस्कच्या तीन व्हीएम मात्र सर्वांत शेवटी, आणि बंद ठेवूनच हलवू.